पॉयझन ओक लागलं की हमखास होणाऱ्या चुका, या टाळा

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या कॅसल रॉकला हाईकला गेलो होतो, आई रत्नागिरीहून आली होती. ट्रेलच्या कडेला एक झुडूप असं लालबुंद झालेलं की मी त्याची फांदी हातात धरून आईचे दोन-चार फोटो काढले. दोन दिवसांनी मनगटावर लाल रेघा उठल्या, मग त्या रेघेवरच पाण्याने भरलेले बारीक फोड, आणि खाज अशी की रात्री तीनला उठून बसायचे. आईने हात बघितला आणि म्हणाली, "अगं, हा तर बिब्बा उतल्यासारखा दिसतोय."

आणि ती अगदी जवळ पोचली होती. ते लालबुंद झुडूप होतं पॉयझन ओक, अंगाला लागलं की खाजरं पुरळ उठवणारं अमेरिकेतलं रानटी झुडूप, आणि पॉयझन आयव्ही ही त्याचीच बहीण. पॉयझन ओक, पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू, आंबा ही सगळी एकाच कुळातली झाडं. पॉयझन ओकच्या चिकात उरुशिऑल नावाचं तेल असतं आणि बिब्ब्यात, काजूच्या टरफलात, आंब्याच्या सालीत त्याचीच भावंडं असतात. त्यामुळे "झाडाला हात लागला, पुरळ आलं" असा विचार करूच नका, "अंगाला चीक लागलाय" असा करा. दिसत नाही, वास नाही, पण ग्रीससारखा चिकटतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

पहिली चूक म्हणजे घरी जाऊन बघू म्हणणं. हा चीक काही मिनिटांतच कातडीत मुरायला लागतो, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटं सोन्यासारखी, तासाभराने धुतलंत तरी थोडा फायदा होतो पण तोवर बरंच आत गेलेलं असतं. बाटलीतलं पिण्याचं पाणी का असेना, ट्रेलवरच हात धुवा. नुसतं सॅनिटायझर चोळून मोकळे होऊ नका, त्याने तेल विरघळतं पण जात कुठेच नाही, तिथल्या तिथे पसरतं.

घरी आल्यावर धुण्यातसुद्धा चूक होते. साबणाचा फेस केला, पाणी ओतलं, झालं. हाताला इंजिनचं काळं ऑइल लागलं तर आपण असे हात धुऊ का? ते दिसतं म्हणून आपण घासतो, हे दिसत नाही म्हणून सोडून देतो. भांडी घासायचा लिक्विड सोप घ्या, थंड किंवा कोमट पाणी आणि एक जुना टॉवेल, घासा, धुवा, असं निदान तीन वेळा, बोटांच्या बेचक्यात आणि नखांखाली विशेष. कातडी सोलायची नाहीये पण घासायचं नक्की. आणि आधी टबात बसू नका, शॉवरच घ्या, नाहीतर तेच तेल पाण्यातून सगळ्या अंगाला.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक सांगते. हात धुतले, कपडे गरम पाण्यात वेगळे धुतले, पुरळ दहा-बारा दिवसांत सुकलं, आणि दुसऱ्या हाईकनंतर परत उठलं, या वेळी उजव्या हाताच्या बोटांच्या मधे आणि एका पापणीवर. त्या ट्रेलवर तर झुडूप मी बघितलंही नव्हतं! मग लक्षात आलं, बुटांच्या लेस. पहिल्या वेळचा चीक लेसवर तसाच होता, मी त्या बांधल्या आणि घाम आला म्हणून डोळा पुसला. हे तेल वस्तूंवर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून लेस, ट्रेकिंग पोल, बॅगचे पट्टे, फोनचं कव्हर, गाडीचं स्टिअरिंग, घड्याळाचा पट्टा हे सगळं ग्लोव्हज घालून पुसा. कुत्रा असेल तर त्यालाही आंघोळ घाला, त्याला स्वतःला सहसा काही होत नाही पण केसांवर चीक घेऊन तो थेट मुलांच्या मांडीवर जाऊन बसतो.

फोडातल्या पाण्याने ते पसरतं हा समज मात्र काढून टाका. माझ्या घरी दोन दिवस माझा टॉवेल, माझा ग्लास सगळं वेगळं ठेवलं होतं. फोडातलं पाणी आपल्या शरीराचंच असतं, त्यात तेल नसतं. आज मनगट, परवा दंड असं जे उठतं ते कातडी कुठे पातळ कुठे जाड आणि तेल कुठे कमी कुठे जास्त लागलं त्यामुळे. पण फोडू नका, जंतू शिरतात.

घरच्या उपायांबद्दल थोडं. तेल लावायची आपल्याला सवयच असते, पण चीक अंगावर असताना खोबरेल चोळलंत तर तो आणखी पसरतो. लिंबू, मीठ, चुना तर अजिबात नको, आधीच सोललेली कातडी आणखी भाजते. आणि इंडियातून बॅगेत आणलेली ती ट्यूब, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असलेली, ती यासाठी नाही, त्यातल्या काही घटकांचीच वेगळी ॲलर्जी उठू शकते. थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन, ओटमील (ओट्सची पूड) घातलेल्या पाण्याची आंघोळ, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं, दोन-तीन आठवडे जातात. चेहरा, डोळे, गुप्तांगावर आलं, अंगभर पसरलं, ताप किंवा पू दिसला तर थेट डॉक्टर. गंभीर असेल तर ते स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्या बरं वाटलं म्हणून चार-पाच दिवसांत स्वतःहून बंद करू नका, पुरळ उलटतं.

परसातलं पॉयझन ओकचं झुडूप किंवा आयव्हीची वेल काढून जाळायची, हे तर कधीच नाही. धुरातून तेच तेल घशात आणि फुफ्फुसात जातं, त्यात माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. अशा धुरानंतर श्वास लागला तर वाट न बघता ९११ (अमेरिकेतला इमर्जन्सी नंबर) लावा.

झाड ओळखताना "एका देठाला तीन पानं" एवढं लक्षात असतं पण ब्लॅकबेरीलाही तीन पानं असतात, फरक म्हणजे तिला काटे असतात, पॉयझन ओकला नसतात. ईस्ट कोस्टला पॉयझन आयव्ही झाडाच्या खोडावर चढते, तिचा जाड वेल केसाळ दोरासारखा दिसतो. आणि हिवाळ्यात पानं गळाली की लोक निर्धास्त होतात, नुसत्या करड्या काड्या उरतात, पण चीक त्या काड्यांतही असतो. मागे एकदा झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं नसतं, पहिल्यांदा लागल्यावर तर पुरळ यायला एक ते तीन आठवडेसुद्धा लागतात आणि तोवर आपण ती हाईक विसरलेलो असतो.

एक शेवटचं, ज्यांना हे जोरात उठतं त्यांनी आंबा सालीसकट चोखून खाऊ नये, ओठांभोवती तसंच पुरळ येऊ शकतं. मी आता आंबा दुसऱ्याकडून सोलून घेते आणि फोडी खाते, आई अजून म्हणते की ही काय आंबा खायची रीत, पण फोडी तीच करून देते.