आपल्या जिल्ह्यातल्या पत्रकारांवरील धोक्यांचा ऑनलाइन माग कसा ठेवावा

पत्रकाराला मारहाण झाल्याची बातमी दोन दिवस चालते. पुढे गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला, आरोपपत्र दाखल झाले का, खटला कुठे अडला, हे फारसे कुणी विचारत नाही, आणि हल्लेखोराला तेच सोयीचे असते. म्हणून प्रकरण निकाली निघेपर्यंत माग सोडायचा नाही. त्यासाठी या कामापुरता वेगळा ईमेल, एक स्प्रेडशीट आणि आठवड्याला दोनेक तास पुरतात. ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन पहिल्याच दिवशी लावा.

१. आधी व्याख्या ठरवा

‘पत्रकार’ कोणाला म्हणायचे? तालुक्याचा मानधनावरचा वार्ताहर, यूट्यूब चॅनल चालवणारा, बातमीसोबत जाहिरातीही गोळा करणारा, हे सगळे धरायचे का, ते आधीच लिहून ठेवा. आमच्या मते धरावेत, कारण मार बहुधा त्यांनाच बसतो.

मोठ्या संस्थांचे आकडे जुळत नाहीत तेही व्याख्येमुळेच. न्यूयॉर्कची सीपीजे (कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स) ही संस्था १९९२ पासून मारल्या गेलेल्या पत्रकारांची नोंद ठेवते. हत्या कामामुळेच झाली याची खात्री पटलेली प्रकरणे आणि कारण पक्के न झालेली प्रकरणे तिथे वेगळी असतात. तिची तुरुंगातल्या पत्रकारांची गणती १ डिसेंबरची असते. मार्चमध्ये अटक होऊन ऑक्टोबरमध्ये सुटलेला पत्रकार तीत दिसत नाही. पॅरिसच्या आरएसएफ (रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेचा पत्रकारिता स्वातंत्र्य निर्देशांक म्हणजे घटनांची यादी नव्हे. २०२५ मध्ये भारत १८० देशांत १५१ वा होता, पण त्यावरून तुमच्या जिल्ह्यात काय घडले ते कळत नाही.

२. गुगल अलर्ट मराठीत लावा

ठरवलेले शब्द असलेली नवी बातमी आली की गुगल अलर्ट ती ईमेलने कळवतो. त्यात ‘पत्रकारावर हल्ला’, ‘पत्रकाराला मारहाण’, ‘पत्रकाराला धमकी’, ‘पत्रकाराविरुद्ध गुन्हा’ हे शब्द अवतरणचिन्हांत टाका. विभक्ती बदलली की अलर्ट हुकू शकतो, म्हणून ‘पत्रकारास’, ‘पत्रकारांना’ यांचे अलर्ट वेगळे करा. ‘वार्ताहर’, ‘प्रतिनिधी’, ‘छायाचित्रकार’ हेही शब्द घ्या. सेटिंगमध्ये ‘फक्त सर्वोत्तम निकाल’ असते, ते बदलून ‘सर्व निकाल’ करा, नाहीतर छोटी संकेतस्थळे गळतात.

तरीही बरेच सुटते. जिल्हा दैनिकांचे ई-पेपर अनेकदा पानाच्या चित्राच्या रूपात असतात, त्यातला मजकूर शोधात येत नाही. ते पेपर रोज डोळ्यांनी चाळा.

३. पुरावा त्याच तासात जतन करा

धमकीची पोस्ट डिलीट व्हायला वेळ लागत नाही. पानाची लिंक वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळाच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची पाने तिथे नीट उतरत नाहीत. त्यांचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि व्हिडिओ असेल तर मूळ फाइल उतरवून ठेवा.

लगेच त्या फाइलची एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी बदलणारा तिचा डिजिटल ठसा, काढून स्प्रेडशीटमध्ये लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ही हॅश मागतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणूनच पाठवणे. तो दाबला जाऊन लहान होतो, हॅश बदलते आणि मूळ फाइलशी जुळत नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

४. नोंद आणि गुन्ह्याचा क्रमांक

रकाने असे ठेवा: घटनेची तारीख, तालुका, माध्यम, कोणत्या बातमीवरून, धोक्याचा प्रकार, दोन स्वतंत्र स्रोत, जतन केलेली लिंक, गुन्हा क्रमांक व कलमे, सीएनआर (न्यायालयातल्या प्रकरणाचा स्वतंत्र) क्रमांक, पुढे कधी पाहायचे. दुसरा स्रोत म्हणजे पहिलीच बातमी उचलून छापणारे संकेतस्थळ नव्हे.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पोलीस ठाणे आणि तारखेनुसार शोधा. संवेदनशील मानलेले एफआयआर तिथे टाकत नाहीत. महाराष्ट्रात प्रसारमाध्यमांतील व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्ध २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा लावला की फक्त साधी कलमे, यासाठी वेगळा रकाना हवाच.

कलमे एकदा लिहिली म्हणजे काम संपले असे समजू नका. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी आधी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले, खुनाचे नंतर वाढवले. पहिल्या दिवसाची नोंद तशीच ठेवणाऱ्याच्या यादीत ही घटना चुकीच्या रकान्यात राहिली असती. आठव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा तपासा.

प्रकरण न्यायालयात गेल्यावर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष टाकून १६ अक्षरांचा सीएनआर मिळवा. त्यानंतर तेवढ्यावरच पुढची तारीख कळते.

५. बातम्यांचे संकेतस्थळ उघडत नसेल तर

बंदी आहे की सर्व्हर बसला आहे, हे ऊनी प्रोब या मोफत ॲपने तपासता येते. एकाच पत्त्याची चाचणी निदान दोन कंपन्यांच्या नेटवरून करा, कारण बंदी सगळीकडे सारखी लागू नसते. निकालात ‘ॲनोमली’ (काहीतरी वेगळे आढळले) आले म्हणजे बंदी सिद्ध झाली असे नाही. वेगवेगळ्या दिवशी तेच येत राहिले, तरच नोंदवा. निकाल नेटवर्कच्या नावासह सार्वजनिक होतात, हे ॲप लावण्यापूर्वी लक्षात घ्या.

इंटरनेटच बंद असेल तर एसएफएलसी या दिल्लीच्या संस्थेचा शटडाउन ट्रॅकर पाहा आणि सरकारी आदेशाची प्रत मागा. ‘काश्मीर टाइम्स’च्या अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे.

६. जाहीर करण्यापूर्वी

दोन प्रती ठेवा, एक खासगी आणि एक सार्वजनिक. फोन नंबर, घरचा पत्ता, कुटुंबाची माहिती सार्वजनिक प्रतीत येऊ देऊ नका. महिला पत्रकाराला आलेल्या शिवीगाळीचा मजकूर जसाच्या तसा छापू नका, प्रकार लिहिला की पुरे. संबंधित पत्रकाराची लेखी संमती घ्या. काही जण नाव नको म्हणतात, कारण त्यांना त्याच गावात राहून उद्याही बातमी करायची असते. अशा वेळी तालुक्याऐवजी फक्त जिल्हा लिहा, कारण तालुक्यात त्या दैनिकाचा वार्ताहर एकच असतो आणि नाव न घेताही तो ओळखू येतो.