बिटचं ब्रायडल की बिनबिटचं?

घोडेस्वारी शिकायला लागलात की हा वाद लवकरच कानावर येतो. ब्रायडल म्हणजे घोड्याच्या डोक्यावर चढवायचा, लगाम जोडलेला पट्ट्यांचा साज; बिट म्हणजे त्यातला तोंडात बसणारा, बहुधा धातूचा तुकडा. कुणी म्हणतं, तोंडात बिट नसेल तर घोडा आवरणार कसा? कुणी म्हणतं, तोंडात लोखंड घालणं हीच क्रूरता. मी दोन्ही प्रकारांत घोडे चालवले आहेत, नवशिक्यांना शिकवतोही, आणि या भांडणात मला आता फारसा रस उरलेला नाही. मी तीनच गोष्टी बघतो: दाब कुठे पडतो, किती पटींनी पडतो, आणि हात सैल केला की लगेच सुटतो का.

बिटपासून सुरुवात करू. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीचा रिकामा पट्टा असतो, बिट तिथे बसतं. हिरडीखालच्या हाडाची कड अरुंद असते आणि तिच्यावरचं आवरण पातळ. त्यामुळे तिथे बसलेला झटका घोड्याच्या लक्षात राहतो. बराचसा भार मात्र जिभेवर येतो. तोंड मिटलेलं असताना जीभ जवळजवळ सगळी जागा भरून टाकते, म्हणून ‘जाड बिट म्हणजे सौम्य बिट’ हे तबेल्यात हमखास ऐकू येणारं वाक्य डोळे मिटून मानू नका. लहान तोंडाच्या घोड्याला जाड बिटाचा जाच होतो.

स्नॅफल या साध्या बिटमध्ये लगामाची ओढ थेट तोंडात पोचते, तरफ नसते. कर्ब बिटला खाली दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी. दांडीचा वरचा भाग 4 सेंटिमीटर आणि खालचा 12 असेल, तर साखळीवर हाताच्या ओढीच्या सुमारे तिप्पट ताण येतो, शिवाय कानामागच्या पट्ट्यातूनही डोकं खाली दाबलं जातं. जाणत्या हातात याच बिटवर करंगळीभर इशारा पुरतो. लगाम धरून तोल सांभाळणाऱ्याच्या हातात ते देऊच नये.

बिनबिटमध्येही एकच प्रकार नसतो आणि नवखे नेमके इथे फसतात. साइडपुलमध्ये लगाम नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. वळवणं सोपं, इशारा साधा. क्रॉस-अंडरमध्ये पट्टे जबड्याखालून एकमेकांना छेदून जातात, दाब सगळ्या डोक्यावर वाटला जातो. पण पट्टे घासून अडकले तर हात सैल केल्यावरही दाब रेंगाळतो, आणि दाब सुटणं हेच घोड्यासाठी बक्षीस असतं. ते उशिरा मिळालं तर तो काय शिकणार? तिसरा मेकॅनिकल हॅकमोर. नावाला बिनबिट, पण त्याला दांड्याही असतात आणि साखळीही. लांब दांड्यांचा हॅकमोर साध्या स्नॅफलपेक्षा कितीतरी कठोर ठरू शकतो. ‘बिट नाही म्हणजे त्रास नाही’ असं समजून तो विकत घेणारे मी पाहिले आहेत.

नाकपट्टीची जागा नीट बघा. नाकाचं हाड खाली टोकाकडे निमुळतं आणि नाजूक होत जातं, पुढे नुसता मऊ भाग. घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंडाने नाही. पट्टी खाली घसरली की हाडही दुखावतं आणि श्वासही अडतो. नाकपुडीच्या वर साधारण चार बोटं सोडून, भक्कम हाडावर ती बसली पाहिजे. साइडपुल सैल असेल तर एका बाजूच्या ओढीने गालाची पट्टी दुसऱ्या डोळ्याकडे सरकते, तेही तपासा.

घोडा डोकं झटकतो, तोंड वासतो, जीभ बिटवरून काढतो, अशी तक्रार असेल तर ब्रायडल बदलण्याआधी दात तपासून घ्या. दाढांच्या कडा टोकदार झालेल्या असतात, किंवा पहिल्या मोठ्या दाढेपुढे ‘वुल्फ टूथ’ नावाचा छोटा दात बिटला लागतो. कडा घासल्यावर काही घोडे त्याच बिटमध्ये निवांत चालू लागतात. ज्यांच्या तोंडाला जुनी जखम आहे किंवा जबड्याची ठेवणच अडचणीची आहे, त्यांच्यासाठी मी सरळ बिनबिट निवडतो.

अगदी नवशिक्या स्वारालाही माझा सल्ला साइडपुलचाच असतो. बैठक पक्की होईपर्यंत हात उडणारच, त्याची शिक्षा घोड्याच्या जिभेला कशाला?

ब्रायडल बदलताना घाई नको. आधी जमिनीवर उभं राहून थांबणं, मागे सरणं, दोन्ही बाजूंना मान वळवणं करून घ्या. मग कुंपण घातलेल्या रिंगणात पावलाच्या चालीने, नंतर ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल. खोगिरात बसून दिलेल्या साध्या इशाऱ्यावर घोडा थांबत नसेल तर बाहेर नेऊ नका. आणि उधळलेला घोडा ताकदीने थांबवता येतो ही समजूत सोडा. त्याचं वजन पाचशे किलोच्या आसपास, तुमचे दोन हात त्याला कुठे पुरणार! बिट असो वा नसो, वेग वाढायच्या आत एका लगामाने मान वळवून घेण्याची सवय स्वार आणि घोडा दोघांनाही हवी.

स्पर्धेत उतरायचं असेल तर नियमपुस्तक आधी वाचा. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या स्पर्धेत, बिट लागतंच, उड्यांच्या स्पर्धांत हॅकमोर चालतो. ड्रेसाज करायचं म्हणून रोजच बिट घालायला हवं असं मात्र नाही. माझ्याकडचे काही घोडे फेरफटक्याला साइडपुलमध्ये जातात आणि रिंगणातल्या कामाला स्नॅफलमध्ये, आणि दोन्हींतला फरक त्यांना व्यवस्थित कळतो.