पॅरामीटराइज्ड टेस्ट लिहायला बसण्यापूर्वी

समजा, रकमेला लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम लावणारं फंक्शन आहे आणि त्याची पॅरामीटराइज्ड टेस्ट, म्हणजे एकच टेस्ट इनपुट आणि अपेक्षित उत्तरांच्या अनेक ओळींवर चालवणारी टेस्ट, पायटेस्ट या पायथनच्या टेस्ट-साधनात लिहायची आहे. एडिटर उघडण्याआधी कागद घ्या. कोणकोणती इनपुट द्यायची ते लिहा आणि प्रत्येकापुढे ते का घेतलं हेही लिहा. 999 ला स्वल्पविराम नाही, 1000 ला पहिला लागतो, 99999 चं 99,999 होतं आणि 100000 चं 1,00,000. दर तीन आकड्यांनी तोडणारा कोड इथेच 100,000 देऊन पकडला जातो. कोटीची सीमा आणि शून्य घ्याच. उणे 100 तर विसरूच नका. मागचे तीन आकडे कापून उरलेल्याला स्वल्पविराम जोडणारा कोड त्याचं ‘-,100’ करून ठेवतो. 5000 घेतल्यावर 6000 कशाला? कारण लिहिता येत नसेल तर ती ओळ गाळा.

हीच कारणं पुढे ओळींची नावं होतात, म्हणून प्रत्येक ओळीला आयडी, म्हणजे निकालात दिसणारं नाव, द्या. साध्या आकड्यांवरून पायटेस्ट स्वतः नाव बनवतो, पण ‘डेटा’ नावाच्या पॅरामीटरमध्ये डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच) असली की नुसतं ‘डेटा0’, ‘डेटा1’ दिसतं. रात्री बिल्ड लाल झाल्यावर, म्हणजे टेस्ट नापास झाल्यावर, ‘डेटा3’ वाचून सहकाऱ्याने काय समजायचं? ‘उणे तीन अंकी’ वाचलं की तो थेट चिन्हाच्या कोडकडे जाईल. मात्र आयडी रोमन लिपीतच लिहा. देवनागरी अक्षरांच्या जागी पायटेस्ट मूळ सेटिंगमध्ये युनिकोडचे आकडे छापतो. जेयुनिट 5 या जावाच्या टेस्ट-साधनात ओळींना नावं देण्याचं काम नेम या गुणधर्माने होतं.

अपेक्षित उत्तर हाताने टाइप करा. टेस्टमध्ये तेच गणित पुन्हा मांडलं तर कोडची चूक टेस्टमध्येही उतरते आणि दोघं एकमेकांना बरोबर म्हणतात. टेस्टच्या आत इफ, म्हणजे अट, येऊ देऊ नका. ‘अबक’ दिल्यावर एरर यायला हवी, ही वेगळी टेस्ट आहे. त्यासाठी ‘एरर येईल का’ असा खरं-खोट्याचा रकाना वाढवला की प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागते. रकाने चारांवर जायला लागले तर एका टेस्टमध्ये दोन टेस्ट कोंबल्या नाहीत ना, ते पाहा.

सगळं हिरवं झालं की फंक्शनमधली लाखाची अट मुद्दाम मोडा, टेस्ट चालवा आणि लाल झालेली नावं कोड न पाहता शेजारच्याला वाचून दाखवा. काय मोडलंय ते त्याला सांगता आलं नाही, तर कमिट करण्याआधी नावं बदला.