घाट पाऊस कसा अडवतो ते बघायचंय? जुलैत पुण्याची गाडी पकडा

लेह एवढं कोरडं का हे वाचून डोक्यात शिरत नसेल तर जुलैमध्ये दादरहून सकाळची इंद्रायणी पकडा, खिडकीची सीट मस्ट. कर्जतला मागे बँकर इंजिन (चढावर गाडी मागून ढकलणारं जादा इंजिन) लागलं की लक्ष द्यायचं, आता गाडीसोबत समुद्रावरून आलेली ओली हवापण घाट चढतेय आणि वर जाईल तशी थंड होत वाफेचं पाणी होतंय, म्हणून तर खंडाळ्याला धुकं आणि धो धो. लोणावळा सोडल्यावर मोबाईल काढून बसू नका!! कामशेत, तळेगाव करत पाऊस ओसरत जातो, कारण बरंचसं पाणी घाटातच पडून गेलेलं असतं आणि पलीकडे उतरणारी हवा परत तापते. मुंबईत वर्षाला २००० मिमीच्या वर, पुण्यात ७०० च्या आसपास, बास.

आता हाच हिशोब दोन्हीकडून लावा. लेहच्या दक्षिणेला हिमालय, उत्तरेला काराकोरम, समुद्र तर लांबच, मग वर्षाला जेमतेम १०० मिमी. अमेरिकेतलं नेवाडा पण तसंच, पॅसिफिकवरनं येणारं पाणी सिएरा नेवाडाचे डोंगरच पिऊन टाकतात.

आणि हो, घाटात दरड कोसळल्याची बातमी असेल तर त्या दिवशी प्लॅन कॅन्सल, गाड्याच रद्द होतात.