देवाला चिमटा काढणारा टी-शर्ट : मजकुरापासून इस्त्रीपर्यंत

काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या अक्षरांत देवाधर्माला चिमटा काढायचा, यात बडोद्यातल्या कॉलेजच्या पोरांना काही नवीन नाही. फजिती होते ती पुढे. पहिल्याच धुण्यात अक्षरं सोलून निघतात, किंवा पंचवीसच्या पंचवीस छापून झाल्यावर कुणीतरी वाचून दाखवतं की 'धर्म'चा 'घर्म' झालाय. इथे स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग उतरवून, छापायच्या २५ टी-शर्टांच्या एका खेपेचा हिशेब धरला आहे, गच्चीवर उरकेल असा.

आधी मजकूर. उलटा क्रूस, शिंगं, पंचकोनी तारा ही नेहमीची उसनवारी टाळा. १९७७ च्या सुमारास लंडनच्या किंग्ज रोडवर पंक फॅशनवाले व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅकलॅरेन यांनी 'डिस्ट्रॉय' शर्ट विकायला ठेवला, त्यावर स्वस्तिक होतं, उलटा क्रूस होता आणि राणीचं डोकंही. लंडन हादरलं. तेच स्वस्तिक इथे दांडिया बाजारातल्या प्रत्येक उंबऱ्यावर रांगोळीत भेटतं. स्वीडनच्या 'चीप मंडे' जीन्सवरच्या कवटीच्या कपाळी उलटा क्रूस होता, आणि तो ख्रिस्ती धर्माविरुद्ध आहे हे तिच्या चित्रकाराने २००५ मध्ये उघड सांगितलं. तो स्वतःच्या घरच्या धर्माशी भांडत होता. सुरसागरच्या काठी राहणाऱ्या पोराने तो क्रूस घातला, तर चिमटा बसतो फतेगंजच्या चर्चमध्ये जाणाऱ्या शेजाऱ्याला, ज्याने याचं काही घोडं मारलेलं नाही. शिवाय परंपरेनुसार संत पीटरला उलटं टांगून मारलं होतं, त्यामुळे जाणत्या कॅथलिकाला तो क्रूस पीटरचाच वाटेल. म्हणजे नेमही चुकला.

तेव्हा चिमटा आपल्याच देव्हाऱ्याला, आपल्याच पंचांगाला काढावा. 'नवसाचा हप्ता थकला', 'शनीला सांगा, रविवारी मोकळा आहे', 'राहूकाळात जन्मलो, मजेत आहे' हे चालतं, कारण वाचणारा आधी हसतो आणि मग विचारात पडतो. 'देव नाही. दुपारची झोप आहे.' हे जास्त तिखट आहे, पण ते स्वतःच्या अश्रद्धेबद्दल आहे, दुसऱ्याच्या मूर्तीबद्दल नाही. मूर्तीचं विद्रूप चित्र, देवीचं अंग, श्लोकाची मोडतोड यांत विनोद कमी आणि पोलीस ठाणं जास्त. एक गोष्ट बडोद्यापुरती: गुजराती वाचणारा देवनागरी सहसा हिंदी समजून वाचतो. 'नवस' त्याला चटकन कळणार नाही, तो 'बाधा' किंवा 'मानता' म्हणतो. छापण्याआधी मजकूर एका गुजराती मित्राकडून मोठ्याने वाचून घ्या. कुठे अडखळतो ते बघा.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २९५-अ. धार्मिक भावना दुखावण्याचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतू लागतो, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवलं, पण नकळत झालेला अपमान त्यात बसत नाही हेही सांगितलं. ते कोर्टात. त्याच्या आधी गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. चिन्ह, चित्र, इंटरनेटवरचा फोटो, सगळं कलमात येतं; घरात घातलेला शर्ट इन्स्टाग्रामवर टाकला की तो घरातला राहत नाही. मे २००७ मध्ये इथल्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये एका विद्यार्थ्याला परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून अटक झाली होती, आणि ती चित्रं तर रस्त्यावरही नव्हती. नवरात्रात गरब्याला, गणपतीत मंडळाच्या मांडवात आणि कुठल्याही देवळात हा शर्ट घालू नका. भोंदू बाबा, भूत उतरवणं हे विषय मात्र मोकळेपणाने घ्या. त्यांच्याविरुद्ध २०२४ पासून गुजरातचाही कायदा आहे.

आता अक्षरं. बहुतेक खेपा इथेच बिघडतात. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक काय, तर डोक्यावरची जराशी उघडी जागा आणि एक वळण. छपाईची पेस्ट, म्हणजे रंग, कापडावर पसरते, दोन्ही कडांनी सरकते, आणि ठळक टायपात ती फट बुजते. मग 'भक्त'चा 'मक्त' होतो. छापायच्या आकारात ही फट किमान दीड मिलीमीटर हवी. कमी असेल तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या कडेवरचे ठिपके (नोड) ओढून हाताने वाढवा. १ मिलीमीटरपेक्षा बारीक रेघ नको, अनुस्वाराचा ठिपका २ मिलीमीटरच्या खाली नको. डिझाइन दुकानात पाठवण्याआधी अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या बाह्यरेषा राहतील. जुन्या कोरल ड्रॉमध्ये युनिकोड मजकूर उघडला की रफार आणि वेलांट्या कुठेही जाऊन बसतात. शेवटी कागदावर छापून भिंतीला लावा आणि दहा फुटांवरून वाचा.

टी-शर्ट १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम), शंभर टक्के सुती घ्या. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, आतल्या बाजूने कापडाचाच एक धागा ओढून जाळा, शिवणीचा दोरा नको, तो सुती शर्टातही बहुधा पॉलिस्टरचा असतो. सुताची कागदासारखा वास येणारी राख होते, पॉलिस्टर वितळून मणी होतो. पॉलिस्टर मिसळलेल्या रंगीत कापडावर उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो, आणि लाल शर्टवरची पांढरी अक्षरं दोन दिवसांत गुलाबी दिसतात.

स्क्रीनसाठी ४३टी जाळी घ्या, म्हणजे इंचाला साधारण ११० धागे. त्याहून बारीक जाळीतून काळ्यावर पुरेसं पांढरं उतरत नाही. जाळीवर लावायचं इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, डायझोचं किंवा तयार फोटोपॉलिमरचं वापरा. बायक्रोमेट स्वस्त आहे, पण विषारी. त्याचं पाणी गटारातून विश्वामित्रीत जातं, आणि तिथल्या मगरींनी आपलं काय वाकडं केलंय? कपड्याच्या बाजूने दोन हात, आतून एक हात द्या आणि अंधारात पूर्ण सुकवा. श्रावणात यालाच वेळ लागतो. ओलसर राहिलेलं इमल्शन उन्हात घट्ट होत नाही आणि नळाखाली धरताच अक्षरांसकट वाहून जातं. मग अक्षरांची काळी फिल्म त्यावर ठेवून स्क्रीन उन्हात धरायची; अक्षरांखालचं इमल्शन मऊ राहतं आणि धुतलं की निघून जातं. उन्हात किती मिनिटं ठेवायचं ते अंदाजाने ठरवू नका. एका तुकड्यावर पुठ्ठा दर मिनिटाला सरकवत १ ते ५ मिनिटांची पट्टी काढा. जास्त झालं तर अक्षरं उघडत नाहीत, कमी झालं तर कडा ढासळतात.

धुतलेली स्क्रीन उजेडाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर ब्रशने इमल्शन लावून बंद करा. हे कंटाळवाणं काम कुणी करत नाही, आणि मग शिरोरेखेच्या नेमकं वर राहिलेलं एक भोक 'देव'चा 'देंव' करतं.

काळ्यासाठी गडद पांढरी वॉटरबेस पेस्ट लागते. २५ शर्टांना, एका पानाएवढ्या मजकुरासाठी, अर्धा किलो धरा. फिक्सर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारं रसायन, २ टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला १० ग्रॅम. पण सगळं एकदम मिसळू नका, काही तासांत ते निकामी होतं. पाच-सहा शर्टांपुरतं कालवा. स्क्रीन कापडापासून २-३ मिलीमीटर वर राहील अशी बिजागरीवर बसवा, स्क्वीजी (पेस्ट ओढायची रबरी पट्टी) थोडी तिरकी धरा, एकदा ओढा. हीट गनने वरचा थर सुकवा आणि स्क्रीन न हलवता दुसरा हात मारा. एका हातात पांढरं ऐवजी राखाडी दिसतं. मे महिन्यात पेस्ट जाळीतच सुकते, म्हणून प्रत्येक छपाईनंतर रिकामी जाळी पेस्टने झाकून ठेवा आणि मधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारा.

दोन-तीनच शर्ट हवे असतील तर स्क्रीनचा खटाटोप नको, डीटीएफ करून घ्या, म्हणजे फिल्मवर छापून ती उष्णतेने कापडावर चिकटवतात. हीट प्रेस १५० अंशांना १०-१५ सेकंद. फक्त मोठा भरीव चौकोन टाळा, तो छातीवर प्लास्टिकच्या पत्र्यासारखा चिकटतो आणि आत घाम साचतो.

पक्कं करणं हा शेवटचा आणि सर्वात जास्त चुकवला जाणारा भाग. छपाई रात्रभर सुकू द्या, मग १५० अंशांना ३ मिनिटं हीट प्रेस. घरची इस्त्री असेल तर वाफ बंद, सेटिंग कॉटनवर, वर बटर पेपर, प्रत्येक भागाला सरकवत ३-४ मिनिटं. पेस्टमध्ये ओल असेल तोवर उष्णता ती वाळवण्यातच जाते, थर शंभर अंशांच्या पुढे जात नाही आणि फिक्सर धरत नाही. सोललेल्या अक्षरांचं मूळ बहुधा हेच. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग लागला तर पुन्हा इस्त्री. पहिलं धुणं दोन दिवसांनी, शर्ट उलटा करून, गार पाण्यात. आणि दोरीवरही उलटाच वाळत घाला. ऊन लागत नाही, आणि समोरच्या गच्चीतल्या काकूंना सकाळी सकाळी राहूकाळ वाचावा लागत नाही.