खानदेशच्या उन्हात घरचं सोलर: या चुका टाळा

भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की घराच्या धाब्यावरचं सोलर जोरात चालत असेल असं वाटतं. होतं उलटं. पॅनलला प्रकाश हवा, ताप नको. पॅनलमागच्या पाटीवर लिहिलेली वॅट 25 अंशांवर मोजलेली असते. भर दुपारी सेल 65 ते 70 अंशांवर जातात आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. म्हणजे 14 ते 16 टक्के तिथंच गेली. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नका. पत्र्यावर निदान अर्धा फूट, स्लॅबवर दोन-तीन फूट खालून वारा खेळू द्या. पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टरही पश्चिमेच्या भिंतीवर नको. उत्तरेची, सावलीची भिंत बघा आणि चारही बाजूंनी फूटभर जागा सोडा. तापला की तो स्वतःच वीज कमी करतो आणि दोष पॅनलवर जातो.

स्ट्रिंगची बेरीज पाटीवरून करणं

एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ म्हणजे स्ट्रिंग. तिच्या व्होल्टेजची बेरीज पाटीवरून करणं ही सगळ्यात महागाची चूक. 540 वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच लोड नसतानाचं व्होल्टेज, 49.5 च्या आसपास असतं. असे 11 जोडले की 544 व्होल्ट होतात आणि 550 व्होल्ट कमाल मर्यादेच्या इन्व्हर्टरला ते चालतील असं कागदावर दिसतं. पण जानेवारीत धुळ्याकडे पहाटे पारा 6 अंशांवर येतो. थंडीत व्होल्टेज अंशाला सुमारे 0.27 टक्के वाढतं आणि सकाळचं पहिलं ऊन पडताच बेरीज 570 च्या पुढे जाते. इन्व्हर्टर जळू शकतो, आणि मर्यादा ओलांडली म्हणून वॉरंटीही नाकारली जाते. इथं दहाच पॅनल लावायचे.

उन्हाळ्यात याच्या उलट. दोनच पॅनलची स्ट्रिंग असेल तर काम करतानाचं व्होल्टेज 82 वरून 70 वर उतरतं. इन्व्हर्टरला चालायला निदान 80 लागत असतील तर ऐन दुपारी तो झोपतो.

सावली उन्हाळ्यात बघणं

मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे टाकीची सावली पायाशीच पडते. 22 डिसेंबरला मात्र आपल्याकडे भर दुपारीही सूर्य 45 अंशांवरच असतो, म्हणजे चार फुटांच्या टाकीची सावली चार फूट; सकाळी नऊला त्याच्याही दुपटीहून लांब. पॅनलच्या कोपऱ्यावर डिश अँटेनाची सावली पडली तरी त्याचा एक तृतीयांश भाग बंद होऊ शकतो. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल 15 ते 20 अंश ठेवा. उडदाचे पापड वाळवायची जागा आधीच राखून ठेवा, नाहीतर वाळवणाची खाट पॅनलपुढे येतेच.

वायर आणि अर्थिंगमध्ये काटकसर

डीसी बाजूला 4 चौरस मिलिमीटरची सोलर वायरच हवी. घरातली साधी वायर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-4 कनेक्टरची जोडी एकाच कंपनीची घ्या. वेगवेगळ्या मेकची जोडी सैल बसून तापते, वितळते. वीज चालू असताना कनेक्टर ओढू नका: डीसीची ठिणगी सहज विझत नाही. आधी इन्व्हर्टर, मग डीसी स्विच बंद करा. एसीची एमसीबी डीसीला चालत नाही.

तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईला सोडते. डीसी, एसी आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांचे तीन वेगळे खड्डे घ्या. एप्रिलपासून आठवड्याला बादलीभर पाणी ओता. अर्थिंग 5 ओहमच्या आत हवं.

बिल का उतरत नाही?

नेट मीटर, म्हणजे घेतलेले आणि बाहेर दिलेले युनिट वेगळे मोजणारा मीटर, बसण्याआधी सोलर चालू केलं तर काही साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेले युनिटही वापरात धरतात आणि बिल वाढतं. नेट मीटर असूनही उत्पादन कमी असेल तर दुपारी इन्व्हर्टरचा पडदा बघा. व्होल्टेज 253 च्या पुढे जाऊन तो वारंवार बंद पडतो का? तसं असेल तर आधी एसी केबल तपासा. लांब अंतराला 2.5 चौरस मिलिमीटरची केबल पुरत नाही, 6 किंवा 10 ची टाका. तरी फरक पडला नाही तर तक्रार डीपीच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) व्होल्टेजची, महावितरणकडे.

लाइट गेली की महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड सोलरही बंद पडतं. तो बिघाड नाही, खांबावरच्या लाइनमनचा जीव वाचवायची सोय आहे. बॅकअप हवा तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी.

1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीनं दिवसाला 4 युनिट मिळतात. बारा महिन्यांच्या बिलांतले युनिट मांडून मगच क्षमता ठरवा. एकट्या मे महिन्याच्या कुलरवरून नको. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी नोंदणीकृत विक्रेता आणि भारतीय सेलचे डीसीआर पॅनल लागतात. स्वतः बसवलं तर ते मिळत नाही.

पॅनल सूर्य उगवायच्या आत धुवा; तापल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकू शकते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी धुवा, पावसाळ्यात फक्त पक्ष्यांची घाण काढली तरी पुरे.