‘तुला काही दिसतं का?’ या प्रश्नाला खरं उत्तर कसं द्यावं

बायबल वाचून स्वतःची नजर तपासण्याचा हा अभ्यास मी ईस्टरआधीच्या उपवासकाळात करते, पण वर्षात कधीही सुरू करता येतो. मराठी बायबल, एक वही आणि रात्रीची जेवणं उरकल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं एवढंच लागतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आठवड्यातून एकदा पुरे. रोज करायला गेलं की उत्तरं पाठ होतात, आणि पाठ झालेल्या उत्तरांनी या अभ्यासाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

सुरुवातीला मार्काच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातली 14 ते 33 ही वचनं मोठ्यानं वाचा, मधल्या मथळ्यांपाशी न थांबता. नावेत शिष्यांना भाकरीची काळजी लागली आहे, आणि येशू त्यांना विचारतो, डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? त्यानंतर बेथसैदाचा आंधळा येतो. मग फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. आणि चारच वचनांनंतर त्याच पेत्राला येशूकडून कडक बोलणं ऐकावं लागतं. मार्कानं हे तुकडे एकमेकांशेजारी उगाच ठेवलेले नाहीत. पेत्राला दिसतंय, पण अर्धंच. ख्रिस्त दिसला आहे, वधस्तंभ दिसत नाही.

आता 22 ते 25 ही वचनं पुन्हा वाचा, सावकाश. येशू त्या माणसाचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? माणूस सांगतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालणारी. येशू पुन्हा हात ठेवतो आणि मग त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं. दोनदा हात ठेवून बरं केल्याची ही गोष्ट फक्त मार्कात आहे.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते त्या माणसाचं उत्तर. भिडेखातर ‘हो प्रभू, अगदी स्वच्छ’ म्हणून तो घरी जाऊ शकला असता. कोण विचारणार होतं? पण दिसलं तेवढंच त्यानं सांगितलं, आणि त्यानंतरच दुसऱ्यांदा हात ठेवला गेला.

मी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात नोकरीभर चष्म्याचे नंबर काढले. सहा मीटरवर तक्ता, एक डोळा झाकलेला, नाकावर तपासणीची जड फ्रेम. उजव्या डोळ्यानं वाचलेल्या ओळी डाव्या डोळ्याच्या वेळी घडाघडा म्हणून दाखवणारे पुष्कळ असत. ड्रायव्हरांना लायसन्सची धास्ती, लग्नाच्या मुलींना चष्म्याची. मग मी म्हणायचे, ‘बाळ, आता हीच ओळ शेवटून वाच.’ तिथं पाठांतर संपायचं आणि तपासणी सुरू व्हायची.

वहीतही हेच करायचं. ‘आज मला काय दिसतं?’ असं वर लिहा आणि खाली उत्तर लिहा, पण कृपा, आशीर्वाद, गौरव, देवाची योजना हे शब्द न वापरता. वचनंही नकोत. हे शब्द खोटे नाहीत, मला ते प्राणाहून प्रिय आहेत. पण लहानपणापासून शब्बाथशाळेत आणि घरप्रार्थनेत ते इतके ऐकलेले असतात की डोळा झाकलेला असतानाही आपण ते बरोबर म्हणून दाखवतो. पहिल्या वेळी दोन-तीन ओळींपलीकडे काही सुचणार नाही. तेवढंच राहू द्या.

मग माणसांकडे या. या आठवड्यात तुम्हाला झाडासारखं दिसलेलं एक माणूस निवडा. समोर होतं, हलत-चालत होतं, पण चेहरा तुम्ही पाहिलाच नाही. जिन्याची झाडलोट करणारी बाई, बँकेतला शिपाई, घरातली सूनही असू शकते. तिच्याबद्दल तुम्हाला खात्रीनं माहीत असलेल्या पाच गोष्टी लिहा. तिच्यावरची तुमची मतं नकोत, माहिती हवी. दोनच्या पुढं गाडी अडली तर पुढच्या आठवड्याचं काम तुम्हाला सापडलं. तिच्याशी बोला, विचारा, ऐका.

दूरचं आणि जवळचं वेगवेगळं तपासा. चाळिशी लागली की लांबची पाटी वाचता येते आणि हातातली औषधाची चिठ्ठी पुसट होते. आमच्यासारख्या जुन्या विश्वासणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. स्वर्ग, न्यायाचा दिवस, प्रभूचं येणं यावर तासभर बोलू, आणि शेजारच्या खोलीतल्या भावाशी वाटणीवरून अबोला. योहानाच्या पहिल्या पत्रातलं 4:20 या जागी वाचा: दिसणाऱ्या भावावर प्रीती नाही, तर न पाहिलेल्या देवावर कशी असेल? तरुणांचं बऱ्याचदा उलट असतं. सेवा करायला ते धावत जातात, पण दहा वर्षांपुढचं काही मागत नाहीत. तुमचा कोणता नंबर वाढला आहे ते लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र स्वतःची स्वतःला तपासता येत नाही. नेहमी आढळणारा काचबिंदू दुखत नाही. कडेची नजर हळूहळू जाते, समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि गेलेली नजर परत मिळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं. कुणाला, हे ठरवताना प्रेषितांच्या कृत्यांतला नववा अध्याय उपयोगी पडतो. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाला (पुढचा प्रेषित पौल) प्रकाश प्रभूनं दाखवला, पण डोळ्यांवरची खपली पडली ती हनन्या नावाच्या शिष्यानं हात ठेवल्यावर. हनन्याला शौलाची भीती होती, तरी आत येऊन त्यानं त्याला भाऊ म्हटलं. असा माणूस शोधा. तुमची स्तुती करणारा नको, तुमच्यावर डूख धरलेलाही नको. त्याला विचारा, ‘माझ्यामुळे कुणाला त्रास होतो आणि मला कळत नाही असं काही आहे का?’ उत्तर ऐका आणि त्या रात्री खुलासा देऊ नका. मला हाच भाग सगळ्यात जड जातो, आणि सगळ्यात जास्त मिळतं तेही इथंच.

शेवटी प्रार्थना. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू एकच प्रश्न दोनदा विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं? याकोब आणि योहान हे शिष्य त्याच्या उजवी-डावीकडची आसनं मागतात. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी बार्तीमय दृष्टी मागतो, ती मिळते आणि तो येशूच्या मागं चालू लागतो. तुमची या आठवड्याची मागणी एका ओळीत लिहा आणि ती यांपैकी कुणाच्या मागणीजवळ जाते ते बघा. मग तीच मागा, किंवा खोडून नवी लिहा.

उत्तर महिनोन्‌महिने ‘झाडांसारखी’ असंच येत राहिलं, तर पंडिता रमाबाईंकडे बघा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. आणि तरी आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळायचा होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी हे त्यांना उमगलं. एवढं नाव झालेल्या बाईनं हे लिहून ठेवलं! आपल्या मंडळीत साक्षीच्या वेळी असं बोलणारा उभा राहिला तर त्याला मध्ये तोडू नका, आणि घाईनं ‘हालेलूया’ म्हणून खाली बसवू नका.

हा अभ्यास गटात घेणार असाल तर एक गोष्ट आधीच निक्षून सांगा. आंधळेपणाची ही सगळी भाषा आपल्या मनाबद्दल आहे. ज्याला खरोखर दिसत नाही, त्याच्या विश्वासाचं माप तिच्यानं काढायचं नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशूनं दोन्ही नाकारलं. योहानाचा नववा अध्याय त्या दिवशी पूर्ण वाचा. आणि मंडळीतल्या कुणा आजोबांना मोतीबिंदू असेल, तर प्रार्थना जरूर करा, पण शस्त्रक्रियेची तारीखही घ्या आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा.